नम्रतेचा उच्चांक

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे ज्याने पाहिली त्याच्या शेजाऱ्याकडून ऐकली, आणि तो शेजारीही नेमका त्या दिवशी परगावी गेला होता. तरी तिच्यातला शब्दन् शब्द खरा धरावा. एक गोष्ट तेवढी पदरची घातली आहे. ती कोणती, ते शेवटी प्रामाणिकपणे सांगू. प्रामाणिकपणाची तशी सवय नाही, पण एखाद्या वेळी करून बघायला हरकत नसावी.

तर, त्या राज्यात कोणीही थांबत नसे. राज्य भोवऱ्यांचं होतं. एक अफाट सपाट फरशी, चारी बाजूंना तिची कड, आणि कडेपलीकडे काय आहे याबद्दल सर्वांचं एकमत असं, की त्याबद्दल बोलू नये. फरशीच्या मधोमध चौक होता आणि चौकात वरून एक दोरी सोडलेली असे. दोरी खाली येई, भोवऱ्याच्या अंगाला वेढे घाली, मग एक हिसका बसे आणि भोवरा सुटे. जितके वेढे, तितका दम. वेढे हीच तिथली कमाई आणि वेढे हाच खर्च. लग्नं वेढे बघून ठरत आणि मोडतही वेढ्यांवरूनच. दोरीच्या वरच्या टोकाला एक हात आहे असं सगळे मानत. तो कुणी पाहिलेला नव्हता. गरगरत असताना वर पाहिलं तर आभाळाचा नुसता पांढरा चट्टा दिसतो. त्यात हात आहे की ढग, हे सांगणं कठीण. पण हात आहे, तो सगळं बरोबर करतो, आणि त्याच्या कामात आपण लुडबुड करू नये, असं शाळेत पहिल्याच धड्यात शिकवत.

ज्याचा दम संपे तो आडवा होई. आडव्याला टोपलीत टाकत. टोपली चौकाच्या कोपऱ्यात झाकण घालून ठेवलेली असे, आणि तिच्याजवळून जाताना जो तो जरा जोरात फिरे.

आता यातली गंमत अशी, की दम कमी झालेला भोवरा एकदम पडत नाही. आधी तो कलतो. कललेल्या अंगानेच गोल गोल डोलू लागतो. समोरच्यापुढे झुकतो, मग शेजाऱ्यापुढे, मग पाठीमागच्यापुढेही. या डोलण्याला त्या राज्यात फार जुन्या काळापासून नमस्कार म्हणत. कुणी कलला की पाहणारे म्हणत, "काय संस्कार आहेत बघा." कुणी फारच कलला तर म्हणत, "मोठ्या घरचा दिसतोय." तुमचा दम संपत आलाय, असं तोंडावर कुणीही म्हणत नसे. समोरचा नमस्कार करत असताना असं बोलणं म्हणजे असभ्यपणाची हद्द.

खैराबाई या राज्यात कड-खात्याच्या प्रमुख होत्या. खैराच्या लाकडाच्या, मध्यम बांध्याच्या, अंगावर रंग बेताचा. खात्याचं काम असं, की फरशीच्या कडेने रोज एक चर कोरायचा. पायातली लोखंडी आर टेकवून कडेकडेने फिरत गेलं की फरशीत खाच पडते. बहकत आलेला भोवरा त्या खाचेत अडतो आणि मागे वळतो. रोज धूळ येई, रोज चर बुजे, रोज तो नव्याने कोरावा लागे. चर होता म्हणून कुणी कडेवरून जात नसे, आणि कुणी जात नसे म्हणून हा चर हवाय कशाला, असं सगळ्यांना वाटे.

खैराबाईंच्या हाताखाली सातजण. सर्वांत जुने ढब्बूराव. त्यांचं पोट एवढं, की त्यांना नुसतं सोडायलाच दुप्पट वेढे लागत, पण एकदा सुटले की त्यांच्या आरेखाली चर असा खोल पडे, की धुळीला भरता भरता घाम फुटावा. मग लाखी. लाखेच्या रंगाची, अंगावर तांबडे-पिवळे पट्टे, आणि फिरताना असा गुणगुणाट करणारी की येणारे-जाणारे जागच्या जागी फिरून ऐकत. मग तिरपागडे, पूर्वी कधीतरी आपटून त्याचा एक टवका उडाला होता, तेव्हापासून तो फिरेही वाकडा आणि बोलेही वाकडं. शिवाय चार बहिणी, एकाच ओंडक्यातून निघालेल्या. कोणती कोण हे त्यांचं त्यांनाही नक्की नव्हतं. सगळे त्यांना मिळून चौकडी म्हणत, आणि त्याही मिळूनच उत्तर देत.

बरकतीच्या दिवसांत खात्याला रोज अठ्ठेचाळीस वेढे मिळत. ढब्बूरावांना नऊ, खैराबाईंना प्रमुख म्हणून नऊ, बाकीच्यांना पाच-पाच. काम संपवून वर चौकात मिरवायलाही दम उरे.

मग एका सकाळी दोरीचा हिसका ढिला पडला. दुसऱ्या दिवशी आणखी ढिला. कुणी म्हणे हाताला मुंग्या आल्या आहेत. कुणी म्हणे हात सध्या दुसऱ्या कुठल्या फरशीवर रमलाय. जाणकार म्हणत, हात असं अधूनमधून करतोच, त्यामागे त्याचा काहीतरी विचार असतो. वेढे कमी झाले, आणि राज्य नम्र होऊ लागलं.

असं काही सौजन्य पसरलं म्हणता! रस्त्यात दोघे भेटले तर सकाळचे दुपारपर्यंत एकमेकांपुढे झुकत राहत. बाजारात विकणारा गिऱ्हाइकापुढे लवे, गिऱ्हाईक मालापुढे लवे. एका लग्नात नवरा नवरीपुढे, नवरी सासूपुढे आणि सासू मांडवाच्या खांबापुढे अशी काही कलली, की अक्षता पडायच्या आत अर्धं वऱ्हाड आडवं झालं, आणि उरलेल्या अर्ध्याने दोन्ही घराण्यांच्या संस्कारांचं तोंड भरून कौतुक केलं. नमस्कार शिकवणारे वर्ग होते ते बंद पडले, कारण मुलं शिकूनच यायला लागली. राजवाड्यातून दवंडी पिटली, की यंदा राज्याने नम्रतेचा उच्चांक गाठला असून पुढच्या तिमाहीत प्रजा याहून नम्र होईल अशी चिन्हं आहेत.

कड-खात्याचे वेढे चाळीसवर आले.

खैराबाईंनी सगळ्यांना बोलावलं. "उद्यापासून गुणगुण बंद," त्या म्हणाल्या. "आवाजाला दम लागतो. ज्याच्या त्याच्यामागे एक वेढा जातो त्यात."

"बाई, मी गुणगुणायचं नाही, तर मग मला लाखी तरी कशाला म्हणायचं?" लाखी म्हणाली. "नुसतं लाकूड म्हणा."

"पाठीमागे तेच म्हणतो आम्ही," तिरपागडे म्हणाला.

"तुला तर एरवीही गुणगुणता येत नाही. खरखरतोस नुसता."

"म्हणून तर माझा तोटा कमी. मला बाई आधीपासूनच काटकसरी म्हणून ओळखतात."

लाखी तीन दिवस रुसून फिरली, पण गुपचूप फिरली, आणि आठ वेढे वाचले. चर पहिल्यासारखाच पडत होता. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, की शांत असलं म्हणजे आरेखाली दगड कसा चिरतो ते ऐकू येतं, आणि तोही काही वाईट सूर नाही.

मग बत्तीस झाले. खैराबाईंनी काम संपल्यावरचं मिरवणं बंद केलं. यावर चौकडीचं पहिल्यांदाच बिनसलं. दोघी म्हणाल्या हरकत नाही, दोघी म्हणाल्या आहे, आणि कोणत्या दोघी काय म्हणाल्या हे कळेना म्हणून शेवटी चौघींनी होकार दिला. पुन्हा आठ वेढे वाचले.

मग अठ्ठावीस. आता कापायला काही उरलं नव्हतं. ढब्बूराव सातावर आले होते, बाकीचे तिनावर. तिनाच्या खाली गेलं तर आर दगडावर ओरखडासुद्धा काढत नाही. खैराबाईंनी आकडा ऐकला, "बरं" म्हणाल्या, आणि कुणाला न सांगता स्वतःच्या सात वेढ्यांतले चार सोडून दिले. हाताखालच्यांना सांगितलं की यंदा कपात नाही.

तीन वेढ्यांवर प्रमुखाची सगळी धावपळ करायची म्हणजे काय होतं, ते आठवड्यात दिसायला लागलं. खैराबाई कलू लागल्या. सकाळी थोड्या, दुपारी जास्त. बोलता बोलता जग एका बाजूने वर जाई आणि दुसऱ्या बाजूने खाली येई, आणि त्या मनातल्या मनात 'आत्ता नको, आत्ता नको' म्हणत पाय रोवून धरत. बाहेरून मात्र त्या अतिशय लाघवी दिसत. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं धड बोलल्या नव्हत्या त्यांच्यापुढेही झुकत. राजवाड्याने याची दखल घेऊन त्यांना सौजन्यभूषण किताब दिला आणि गळ्यात पितळेचं पदक घातलं. पदक जड होतं. ते घातल्यापासून त्या आणखी कलू लागल्या, तेव्हा शिफारस होऊन त्यांना दुसरंही पदक मिळालं.

या सुमाराला मोजणीसाहेब आले. वेढ्यांचा हिशेब ठेवणारे ते मोठे अधिकारी. शेंड्यापासून आरेपर्यंत सोनेरी. सर्वांचे वेढे घटले तरी मोजणीखात्याचे घटले नव्हते, कारण कमी झालेले वेढे मोजायला जास्त वेढे लागतात असं त्यांनी सिद्ध करून दाखवलं होतं. पण तेही बहुधा मागल्या आठवड्यापर्यंतच असावं. कारण साहेब खात्याच्या दारात आले ते डावीकडून उजवीकडे जमिनीला कान लागेल असा नमस्कार करत.

"आमचं सौजन्य, खैराबाई."

"आमचंही, साहेब," असं म्हणून खैराबाईही कलल्या. दोघांचं हे बराच वेळ चाललं. एकमेकांची तोंडं समोरासमोर आली की तेवढ्यात एखादं वाक्य उरकून घ्यावं लागे.

"उद्यापासून तुम्हाला अठरा," साहेब जाता जाता म्हणाले.

"अठरात चर होत नाही," खैराबाई येता येता म्हणाल्या.

"होतो. दोघं टोपलीत घाला." फेरी. "तो तुमचा गलेलठ्ठ. सात वेढे एकटा खातो." फेरी. "आणि तीनवाला कोणीही एक. झाले दहा. मी करूनच आणलंय, तुमचा त्रास वाचावा म्हणून."

"ढब्बूरावांचा चर तिघांएवढा पडतो, साहेब."

"खोली आम्ही मोजत नाही, बाई. आम्ही वेढे मोजतो." फेरी. "उद्या दुपारपर्यंत दोन नावं द्या. नाही दिलीत तर खातंच टोपलीत जाईल. चर काय, नम्र प्रजा कडेपर्यंत जातेच कशाला?"

जाताना ते दाराला, उंबरठ्याला आणि बाहेरच्या एका दगडालाही नमस्कार करत गेले.

खैराबाईंनी तो दिवस कडेकडेने फिरत काढला. ढब्बूरावांचा चर शेजारून पाहिला. आर आत गेली की बाहेर काढायला जोर करावा लागे. लाखीचा पाहिला, नीटस. तिरपागड्याचा वाकडा, पण वळणावर असाच वाकडा हवा असे. चौकडीचा एकमेकींत मिसळलेला. एकीचा काढला तर बाकी तिघींचा कुठे सुरू होतो ते कळलं नसतं. दोन नावं, त्या म्हणत. सात नावं त्यांना पाठ होती. त्यांतलं एकेक जिभेवर घेऊन बघितलं आणि एकेक परत ठेवलं. स्वतःचं घेऊन बघितलं. पण स्वतः टोपलीत गेलं तर वाचतात तीनच वेढे. आपले सात ठेवले असते तर निदान त्यागाला तरी वजन आलं असतं. या विचाराचं त्यांना हसू आलं, आणि हसताना त्या इतक्या डोलल्या की चराच्या अगदी काठापर्यंत गेल्या आणि आर खाचेत अडकली म्हणून परतल्या. ती खाच ढब्बूरावांची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. सातही जण आले. येताना एकमेकांना वाकून वाकून वाट देत होते.

"दोन नावं मागितली आहेत," खैराबाई म्हणाल्या.

ढब्बूराव म्हणाले, "एक लिहूनच टाका, बाई. या पोटाला आता टोपलीच बरी. तिथे निदान पडल्या पडल्या राहता येतं म्हणतात."

"कोण म्हणतं? तिथून आजवर कोण आलंय सांगायला?" तिरपागडे म्हणाला. "आणि तुम्ही गेलात तर टोपलीचं झाकण लागणार नाही. दुसऱ्यांची सोय बघा."

"मग दुसरं नाव कुणाचं?" चौकडी म्हणाली. बोलताना त्या चौघी चारी दिशांना झुकल्या, आणि इतक्या सुरेख झुकल्या, की एरवी कुणी वाहवा केली असती.

खैराबाईंच्या तोंडात एक नेहमीचं वाक्य तयार होतं. राज्यात प्रमुख लोक अशा वेळी बोलतात तसलं. कठीण काळ, आपलं कुटुंब, वगैरे. ते बोलायला त्या पुढे झाल्या आणि कलल्या. लाखी लगेच म्हणाली, "पाहा, अशा प्रसंगातही बाईंचा नमस्कार."

"नमस्कार नाही हा," खैराबाई म्हणाल्या.

त्यांनी गळ्यातली पदकं मागे सारली.

"मी डगमगतेय. दहा दिवस झाले. माझ्यात तीनच वेढे आहेत, बाकीचे तुमच्यात घातले. ही पदकबिदकं सगळी त्याचीच आहेत. मला गरगरतंय, आणि आत्ता या घडीला तुम्ही मला सातच्या जागी चौदा दिसताय."

त्या राज्यात एवढं उघडं वाक्य यापूर्वी उच्चारलं गेलं नव्हतं. ते ऐकून फरशीसुद्धा जरा चपापली असावी. मग तिरपागडे हळूच म्हणाला, "मला तर बाई, तुम्ही दिसतच नाही आहात. आवाजावरून बोलतोय."

"मी रोज दुपारी भिंतीला धरून असते," लाखी म्हणाली. "सगळ्यांना वाटतं मुरका मारतेय."

"आम्हाला वाटतं आम्ही आठजणी आहोत," चौकडी म्हणाली.

ढब्बूराव म्हणाले, "मी नमस्कार केला की मला वर कसं यायचं तेच आठवत नाही. आणि काल राजवाड्यापुढे ज्याच्याबद्दल टाळ्या पडल्या ना, तो नमस्कार नव्हता. मी पडत होतो. मध्ये हत्तीखान्याची भिंत आली."

हे ऐकून आधी लाखीला हसू फुटलं. मग चौकडीला, चारी बाजूंनी. मग खैराबाईंना, आणि त्या हसू लागल्या म्हटल्यावर कुणालाच धरबंध राहिला नाही. आता कललेला भोवरा हसला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. लाखी तिरपागड्यावर आपटली, तिरपागडे चौकडीत शिरला, चौकडी फुटून चहूंकडून ढब्बूरावांच्या पोटावर आदळली, ढब्बूराव "अरे अरे" करत खैराबाईंवर रेलले, खैराबाई लाखीवर, आणि खाड खाड खाड असा एक मोठा आवाज होऊन सगळं शांत झालं.

संपलं, खैराबाईंना वाटलं. आठही जण आडवे. आता टोपली.

त्यांनी डोळे उघडले. त्या उभ्या होत्या.

उभ्या होत्या आणि फिरत नव्हत्या. एका बाजूने ढब्बूरावांचं पोट टेकलं होतं, दुसऱ्या बाजूने लाखीचा खांदा, पाठीला तिरपागड्याचा उडालेला टवका नेमका बसला होता. आठांचे आठ, मध्ये ढब्बूराव आणि भोवती बाकीचे, फुगीर अंगाला फुगीर अंग लावून, आरेवर सरळ उभे. एकही वेढा खर्च न होता.

"हे काय आहे?" तिरपागडे म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच सरळ आला.

"हलू नका," ढब्बूराव म्हणाले. "मला बरं वाटतंय."

खैराबाईंनी समोर पाहिलं. झाडं वेगवेगळी होती. एका झाडाला घरटं होतं. आयुष्यभर हिरवा पट्टा म्हणून जे ओळखलं होतं, त्याला पानं होती. मग त्यांनी शेजारी पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"लाखी," त्या म्हणाल्या, "तुझ्या अंगावर पट्टे नाहीत गं. ठिपके आहेत."

"काहीतरीच."

"तांबडे आणि पिवळे. एक पिवळा जरा पुसलाय."

लाखीने वाकून पाहिलं आणि ती ठिपके मोजू लागली. चौकडीने एकमेकींकडे पाहिलं, आणि चौघी चार तऱ्हेच्या निघाल्या. एकीला तर गालावर तीळ होता. वीस वर्षं जोडीने काम केलेली माणसं तिथे एकमेकांची नव्याने ओळख करून घेत होती, आणि दर ओळखीला हसू येत होतं, पण आता हसलं तरी कोणी पडत नव्हतं.

मग खैराबाईंनी हिशेब मांडला. सगळ्यांनी सतत फिरायचं कशाला? चराला एका वेळी एकच आर लागते. एकाने वेढे घ्यावेत, कडेला जाऊन चर कोरावा, दम संपत आला की परत यावं. बाकीचे तोवर उभे. ढब्बूरावांची एक खेप, सात वेढे. आणखी तिघांची एकेक खेप, तिनाचे नऊ. झाले सोळा.

"दोन उरतात," त्या म्हणाल्या.

"लाखीला द्या," तिरपागडे म्हणाला. "गुणगुणू दे तिला. मलाही ऐकायचंय, उभं राहून."

दुपारी मोजणीसाहेब आले तेव्हा ढब्बूराव कडेला खेपेवर होते, आणि उरलेले सातजण एकमेकांना आवळून उभे होते. साहेबांची अवस्था वाईट होती. एकाच नमस्कारात ते अर्धा चौक झाडत होते.

"दोन नावं," ते एका टोकाकडून ओरडले. मग त्यांना दिसलं ते दिसलं. "हे थांबलेत. थांबला तो संपला, कलम पहिलं. सगळे टोपलीत जा..."

वाक्य पुरं व्हायच्या आत ते घसरत कडेकडे निघाले. नमस्कार करत करत चराकडे, चरावर, आणि ढब्बूरावांनी नुकत्याच कोरलेल्या खाचेत आर अडकून गरकन मागे फिरले. मागे फिरले ते सरळ सातांच्या अंगावर. त्यांना ओलांडून गेले असते तर पुढे टोपलीच होती.

"जागा करा," खैराबाई म्हणाल्या.

चौकडीने जरा अंग चोरलं. साहेब आत आले आणि ढब्बूरावांच्या रिकाम्या जागी बसले, घट्ट. खाड.

त्यांनी सावकाश इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या अंगावरचा सोनेरी रंग जवळून पाहिला तर पिवळा होता, आणि त्याचे पोपडे निघत होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मला दहा दिवस धड काही मोजताच आलं नाहीये. आकडे मी अंदाजाने सांगतोय."

"असू दे," खैराबाई म्हणाल्या. "टेका नीट."

"पण वर कळवू काय? याला शब्दच नाही आपल्याकडे."

"नमस्कार म्हणा," तिरपागडे म्हणाला. "सगळ्यालाच म्हणतो आपण."

ढब्बूराव खेप संपवून परतले, आणि आपल्या जागी साहेब पाहून बाहेरच्या अंगाने रेलले. तेवढ्यात चौकातून कुणीतरी अतिशय सौजन्याने कलत कलत आलं. त्यालाही घेतलं. मग नवरी आली, तिच्या मागून सासू. टेकायला वेढे लागत नाहीत हे कळायला राज्याला फार वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत वर्तुळामागे वर्तुळ वाढत गेलं. उरलेल्या दोन वेढ्यांवर लाखी भोवताली गुणगुणत फिरत होती, आणि तिरपागड्याने आपल्या खेपेच्या मधल्या मधे जाऊन टोपलीचं झाकण काढलं होतं. आत सगळे शाबूत होते. फक्त आडवे होते. त्यांना एकेक करून उभं केलं. टोपली रिकामी झाल्यावर तिच्यात खैराबाईंची पदकं टाकली.

मग ऊन कललं, आणि कुणाच्या तरी ध्यानात आलं की आपण थांबलेलो आहोत, तर वरही नीट दिसेल. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

दोरी होती. दोरीच्या वरच्या टोकाला खरंच हात होता. म्हातारा होता, आणि थरथरत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, हळूहळू, गोल गोल. खालच्या कितीतरी जणांनी ते डोलणं लगेच ओळखलं.

खैराबाई थोड्या सरकल्या, ढब्बूराव थोडे सरकले, आणि मधोमध एका हाताला टेकता येईल एवढी जागा झाली.

आता कबूल केल्याप्रमाणे. भोवरे खरे, टोपली खरी, पदकं तर अजून कुणाकुणाच्या घरी आहेत. तो हात तेवढा पदरचा. नुसती लोंबणारी दोरी ऐकणाऱ्याला रुचत नाही, म्हणून घातला. त्या संध्याकाळी सगळ्यांनी वर पाहिलं तेव्हा दोरी होती, वाऱ्याने जराशी हलत होती, आणि दोरीच्या वर स्वच्छ आभाळ होतं. जागा मात्र त्यांनी केली होती. ती अजून तशीच मोकळी आहे.